ल्युपस पॅकेज: रक्त मुंबईला जाऊ दे, लघवी इथेच तपासा

चिपळूणपासून सावंतवाडीपर्यंतच्या कलेक्शन सेंटरांत हल्ली 'ल्युपस प्रोफाइल' (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटते त्या ल्युपस आजाराच्या तपासण्यांचं पॅकेज) सर्रास मिळतं. लॅब कुठलीही असो, आतला माल साधारण तोच: एएनए, अँटी-डीएसडीएनए (स्वतःच्याच पेशींविरुद्धच्या अँटीबॉडी), सी३, सी४ (प्रतिकारशक्तीची प्रथिनं), सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), ईएसआर, सीआरपी (दाहाच्या खुणा), क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामासाठी) आणि लघवी. नमुने इथे घेतात, तपासणी बहुतेक वेळा मुंबईत. घ्यायला हरकत नाही, पण सगळंच्या सगळं नको.

पहिली काट एएनएवर मारा. निदानासाठी ती हवीच. पण एकदा पॉझिटिव्ह आली की रोग शांत असतानाही बहुधा तशीच राहते. तिचा टायटर (अँटीबॉडीचं प्रमाण) बघून कुणी औषध बदलत नाही. दर तीन महिन्यांनी ती करून घेणं ही निव्वळ उधळपट्टी.

पैसे वसूल होतात ते अँटी-डीएसडीएनए आणि सी३-सी४ मध्ये. डीएसडीएनए चढतंय आणि सी३ उतरतोय असं जोडीने दिसलं, की मूत्रपिंडावर नजर ठेवायची वेळ आली. मात्र रिपोर्टवर पद्धत वाचा. एलायझा पद्धतीचा आकडा केमिल्युमिनेसन्स पद्धतीच्या आकड्याशी ताडता येत नाही, आणि क्रिथिडिया या सूक्ष्मजीवावरची तपासणी तर वेगळीच: जास्त नेमकी, पण सौम्य वाढ तिच्यातून निसटते. म्हणून लॅब बदलू नका. काहींचा सी४ जनुकीय कारणाने कायमच कमी असतो, त्याने घाबरायचं कारण नाही. उलट गरोदरपणात सी३-सी४ एरवीही वाढतात, तेव्हा 'नॉर्मल' सी३ फसवा ठरू शकतो.

सेंटरवाल्याला एकच प्रश्न विचारा: सेंट्रिफ्यूज (रक्त गरगर फिरवायचं यंत्र) इथे आहे का? रक्त अर्धा तास गोठू देऊन, फिरवून, सीरम (वरचा पातळ भाग) वेगळं करून बर्फाच्या पॅकात गेलं पाहिजे. पावसात वीज गेलेली, घाटात दरड आलेली आणि नळी तशीच डब्यात पडून, अशा वेळी सी३-सी४च्या आकड्यावर भरवसा ठेवू नये. सीएच५० (सी३-सी४च्या साखळीचं एकूण काम मोजणारी तपासणी) तर याहून नाजूक. ती इथून पाठवूच नका. ईएसआरसुद्धा चार तासांच्या आत गावातच लावलेला बरा.

पॅकेजची खरी कमजोरी लघवी. मूत्रपिंडाच्या दाहाचा थेट पुरावा म्हणजे वेड्यावाकड्या लाल पेशी आणि लाल पेशींचे कास्ट (मूत्रपिंडाच्या नळ्यांत बनलेले साचे). साध्या तापमानाला दोनेक तासांत ते फुटायला लागतात. सकाळी आठला घेतलेली बाटली दुसऱ्या दिवशी दादरला उघडली, तर 'कास्ट: आढळले नाहीत' या ओळीला काडीची किंमत नाही. सकाळची पहिली, मधल्या धारेची लघवी जवळच्या पॅथॉलॉजिस्टकडे ताजी द्या, आणि ल्युपसचा रुग्ण आहे, सेडिमेंट (तळाचा गाळ) स्वतः बघा, असं आवर्जून सांगा. नुसत्या मशीनच्या छापील कागदावर समाधान मानू नका.

लघवीतल्या प्रथिन-क्रिएटिनिन गुणोत्तराला एवढी घाई नसते, फ्रीजमध्ये ठेवलेला नमुना चालतो. ते ०.५ च्या वर टिकून राहिलं तर बायोप्सीचा विषय निघतो. इथे एककाचा घोळ होतो: हेच ०.५ (मिग्रॅ/मिग्रॅ) कुठे ५०० (मिग्रॅ/ग्रॅम), कुठे साधारण ५० (मिग्रॅ/मिलिमोल) म्हणून छापतात. डिपस्टिकच्या (लघवीत बुडवायच्या पट्टीच्या) 'ट्रेस' म्हणजे 'किंचित' या शेऱ्यावर विसंबू नका. भरपूर पाणी पिऊन गेलात तर प्रथिन असूनही पट्टी कोरी दिसते. पाळी, लघवीचा संसर्ग, ताप असेल तर थोडं थांबा.

सीआरपी पॅकेजात आहे ते चांगलंच. ल्युपस भडकल्यावर ईएसआर वाढतो, सीआरपी बरेचदा तितकं वाढत नाही. सांधे सुजले असतील किंवा फुप्फुसाच्या आवरणाला दाह असेल तर मात्र वाढतं. तापाबरोबर ते एकदम उसळलं, तर आधी संसर्ग शोधायचा. आपल्याकडे पावसाळ्यात लेप्टो आणि डेंग्यू असतात, आणि डेंग्यूतही प्लेटलेट व पांढऱ्या पेशी उतरतात, अगदी ल्युपससारख्याच. अशा वेळी स्टिरॉइड स्वतःच्या मनाने वाढवायचं नाही आणि बंदही करायचं नाही. सीबीसीचा कागद घेऊन त्याच दिवशी डॉक्टर गाठा.