मंजरीरूप: गुरूंनी दिलेलं की नामातून उमललेलं?

व्रजातल्या राधाकुंडावरच्या गौडीय (चैतन्य महाप्रभूंच्या वैष्णव) परंपरेत गुरू शिष्याला 'सिद्धप्रणाली' देतात: त्याच्या मंजरीरूपाचं, म्हणजे राधेच्या किशोरवयीन दासीच्या रूपाचं, नाव, वय, वर्ण, वस्त्र, सेवा अशा 11 गोष्टी. मग साधक आठही प्रहर मनाने त्या किशोरीच्या रूपात राधेजवळ वावरतो. उदाहरणार्थ, सेवा म्हणून विडा करायचा, म्हणजे पान पुसून, कात-सुपारी घालून, नीट घडी घालून हातात द्यायचं. इतकं बारीक ठरलेलं असलं की मन भरकटायला जागाच उरत नाही.

गौडीय मठाचे संस्थापक भक्तिसिद्धान्त सरस्वतींनी मात्र ही प्रणाली सरसकट द्यायचं नाकारलं. आधी हरिनाम, चित्त शुद्ध झालं की स्वरूप आपोआप प्रकटतं. मला हेच पटतं. वासना शमलेल्या नसताना राधेची दासी व्हायला गेलं, तर ध्यानाऐवजी नुसती कल्पनाच रंगायची. तरी त्या विड्याची घडी डोळ्यांपुढून हलत नाही, हेही खरं.