नवीन शोध म्हणून विकलेलं स्प्रे क्रोम आणि माझे पावणेचार लाख

आधीच सांगतो, मी काय या लाईनमध्ये नवखा नाही. शिरोली एमआयडीसीत माझं पावडर कोटिंगचं, म्हणजे लोखंडावर रंगाची पावडर मारून भट्टीत भाजायचं, छोटं युनिट आहे, बारा वर्षं झाली. ग्रिल, रॅक, क्रॅशगार्ड, अलॉय व्हील असली जॉबवर्कची कामं. त्यामुळं कोटिंगमधलं याला कळतं असं लोक म्हणायचे, मला पण तसंच वाटायचं, आणि नेमका तिथंच मार खाल्ला.

कोल्हापुरात बुलेटचा नाद किती आहे हे काय सांगायला नको. आठवड्याला दोन-तीन पोरं यायचीच, दादा क्रोम करून मिळंल का म्हणून. मी त्यांना प्लेटिंगवाल्याकडं, म्हणजे टाकीत बुडवून विजेनं धातू चढवणाऱ्याकडं धाडायचो, कारण क्रोमची टाकी टाकायची म्हणजे डीसी करंट देणारा रेक्टिफायर, सांडपाण्याचा प्लँट, प्रदूषण मंडळाच्या परवानग्या, ते आपल्या आवाक्यातलं नव्हतं. अशात मोबाईलवर एक व्हिडिओ आला. काळ्या हेल्मेटवर गन फिरवली आणि बघता बघता हेल्मेटचा आरसा झाला. खाली लिहिलेलं, विना टाकी, विना प्रदूषण, जगातला नवीन शोध, नॅनो क्रोम. नंबर होता, केला फोन.

डेमो पुण्यात एका हॉटेलच्या हॉलमध्ये होता. आम्ही नऊ-दहा जण असू, सगळे माझ्यासारखेच, पेंटवाले, डेंटिंगवाले, एक बिचारा तर गावाकडची जमीन विकून धंदा शोधत आलेला. सांगणारा माणूस बोलायला एकदम लोणी. म्हणे जुन्या क्रोमनं कॅन्सर होतो, युरोपात त्याच्यावर बंदी आली, आता भारतात पण येणार, मग सगळं मार्केट आपलंच. आता यातलं अर्धं खरं आहे बघा, आणि म्हणूनच माणूस फसतो. जुन्या टाकीतलं हेक्साव्हॅलंट क्रोम घातकच आहे, युरोपात सप्टेंबर २०१७ नंतर त्याचं अ‍ॅसिड खास परवानगीशिवाय वापरता येत नाही, हे खरंय. पण त्याला पर्याय म्हणून मोठ्या कंपन्या ट्रायव्हॅलंट क्रोमकडं, म्हणजे क्रोमच्याच कमी घातक प्रकाराकडं, नाहीतर पीव्हीडीकडं, म्हणजे धातूची वाफ करून थर चढवायच्या रीतीकडं गेल्यात, म्हणजे एक टाकीतच होतं आणि दुसऱ्याला व्हॅक्यूमचं चेंबर लागतं. हे सगळं मी नंतर वाचलं. त्या दिवशी मान डोलवत बसलो.

डेमोचा पीस त्यानं हात लावू दिला नाही, अजून क्युअर व्हायचाय, म्हणजे वाळून पक्का व्हायचाय म्हणाला. हातात दिला तो दुसराच, आधीचा तयार, लोखंडी पाइपचा बेंड. नखानं खरवडला, नाण्यानं घासला, काही होईना. घेऊन जा म्हणाला, सहा महिने बाथरूममध्ये ठेवा, गंज आला तर पैसे परत. भिंतीवर फ्रेममध्ये सर्टिफिकेट, पेटंट नंबर म्हणून. मी त्याचा फोटो काढला पण वाचला नाही, ही माझी चूक क्रमांक एक.

मशीन, ट्रेनिंग आणि पहिलं किट मिळून पावणेचार लाख. अडीच लाख आरटीजीएस केले, सव्वा लाख रोख, कारण रोख दिले तर जीएसटी वाचतो म्हणाला आणि मला पण ते गोड वाटलं. हातात कागद आला तो प्रोफॉर्मा इन्व्हॉइस. ते बिल नसतंच हे आमच्या सीएनं भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट घ्यायच्या वेळी सांगितलं, म्हणाला हे नुसतं कोटेशन आहे साहेब, याच्यावर काय मिळणार नाही. शिवाय महिन्याला ठरावीक काम आम्हीच देऊ असं तोंडी होतं. तोंडीच राहिलं.

काम कसं चालतं ते सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. जॉबला, म्हणजे कामाला आलेल्या वस्तूला, आधी काळा चकचकीत बेसकोट, तो सुकला की चमक धरायला पृष्ठभाग तयार करणारं सेन्सिटायझरचं पाणी, मग डिस्टिल्डसारखं शुद्ध पाणी मारून धुवायचं, मग दोन नोझलची गन, एकातून केमिकल ए, दुसऱ्यातून बी, दोन्ही जॉबवर एकत्र आली की आधी तपकिरी, मग राखाडी, मग एकदम आरसा. खरं सांगतो, पहिल्यांदा माझ्या हातानं झालं तेव्हा अंगावर काटा आला. वरून क्लिअर लॅकर, म्हणजे पारदर्शक रंगाचा हात, संपलं. पहिले पंधरा दिवस मी गिऱ्हाइकांना चहा पाजून दाखवत होतो.

मग पावसाळा लागला. एका पोराचा सायलेन्सर परत आला, लॅकर जळून पिवळं पडून पापुद्रे निघालेले. मग मडगार्ड, वॉशिंग सेंटरला प्रेशरचं पाणी मारलं तर चमक सालीसारखी निघाली, खाली आमचा काळा बेसकोट. फोन केला की उत्तर तयार, तुमच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, जास्त आहे. टीडीएस मीटर आणला, शून्य. मग म्हणे हवेत दमट आहे. मग म्हणे तुमच्या पोराचा हात बसला नाही, आमचं नवीन किट घ्या, फॉर्म्युला सुधारलाय. अडतीस हजाराचं एक किट, अशी दोन घेतली. आणि गंमत म्हणजे दर किटला चमक कमी कमी, राखाडी धुरकट यायला लागलं.

फुटलं ते हुपरीत. बायकोच्या मामांच्या घरी बारसं होतं. जेवायला बसलो तर माझ्या उजव्या हाताची तीन बोटं काळीकुट्ट, साबणानं, रॉकेलनं, कशानं जात नव्हती. मामांचा जन्म चांदीत गेलेला, गाळणी, तार, पैंजण सगळं केलेलं. त्यांनी माझा हात धरला, उलटापालटा केला आणि म्हणाले, "काय ओ जावईबापू, चांदीच्या धंद्यात कधी पडला?" मी म्हटलं छे, हे क्रोमचं केमिकल आहे. ते हसले. "क्रोम कुठलं, चांदी अ‍ॅसिडात विरघळवली की त्या पाण्यानं अशी बोटं होत्यात. घेऊन या बाटली."

पुढच्या रविवारी तिन्ही किटमधली सेन्सिटायझर आणि ए केमिकलची थोडी थोडी शिल्लक घेऊन गेलो. मामांनी ए केमिकल काचेच्या ग्लासात ओतलं आणि चिमूटभर जेवणातलं मीठ विरघळवून त्यात टाकलं. पहिल्या किटच्या ग्लासात दूध नासल्यासारखे पांढरे गोळे झाले आणि तळाला बसले. दुसऱ्यात त्याच्या निम्मे. तिसऱ्यात नुसतं ताकाच्या निवळीसारखं पांढुरकं पाणी. चांदी असली की मिठानं खाली बसते, जेवढी चांदी तेवढा गाळ. म्हणजे क्रोमचा पत्ताच नव्हता, होतं सिल्व्हर नायट्रेट, चांदीचाच एक क्षार, आणि तेही दर वेळी पातळ करून त्याच भावात विकलेलं. ग्लास तसेच खिडकीत राहिले, चहा होईपर्यंत गाळ जांभळट पडला होता. मामा म्हणाले, बघा, ऊन लागलं की चांदीचे क्षार असे काळवंडत्यात.

घरी आल्यावर पुतणीला दाखवलं, ती बारावी सायन्सला. तिनं दोन मिनिटांत प्रॅक्टिकलचं जर्नल काढून पुढं ठेवलं. काका हे तर टॉलेन्स आहे, अल्डिहाइडची टेस्ट, टेस्ट ट्यूबला आतून आरसा येतो. काचेवर अशी चांदी चढवायची रीत जर्मनीतल्या लीबिगनं १८३५ च्या सुमारास काढली. म्हणजे जगातला नवीन शोध म्हणून मी जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वीचा आरसा विकत घेतला होता! तिनं अजून एक विचारलं, ए केमिकलमध्ये अमोनिया घालून तयार केलेलं पाणी उरलं तर तुम्ही काय करता. मी म्हटलं कॅनमध्ये ठेवतो, ट्रेनिंगला तसंच सांगितलंय. ती ओरडलीच. ते ठेवलं की त्यात काळा साका बसतो आणि तो स्फोटक असतो, म्हणून सर लॅबमध्ये लगेच ओतून धुवायला लावतात. हे मात्र कृपया सगळ्यांनी ध्यानात ठेवा, पैसे गेले ते गेले, माझ्या शेडमध्ये तीन माणसं काम करतात.

आता तो बाथरूममध्ये ठेवलेला बेंड. तो अजून झकास होता, म्हणून घेऊन प्लेटिंगवाल्या दोस्ताकडं गेलो. त्यानं काठावर एमरी पेपर मारला. वरची निळसर चमक गेली, खाली पिवळट निकेल, त्याच्या खाली लालभडक तांबं, मग लोखंड. म्हणाला, भावा हा टाकीतला माल आहे, माझ्यासारख्यानंच केलाय. खऱ्या क्रोममध्ये वरचा क्रोम एक मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भागसुद्धा नसतो, ताकद खालच्या निकेलची असते. तुझ्या स्प्रेत चांदीचा नुसता पदर, ती धरून ठेवायला लॅकर, आणि लॅकर सायलेन्सरच्या उष्णतेला कसा टिकंल. हे शेवटचं मला कळायला पाहिजे होतं, पावडर भट्टीत भाजत नाही का मी रोज.

सर्टिफिकेटचा फोटो मोठा करून वाचला. पेटंट नव्हतंच, त्याच्या लोगोच्या ट्रेडमार्कच्या अर्जाची पोच होती. पेटंट ऑफिसच्या साइटवर नंबर नाहीतर नाव टाकून फुकट शोधता येतं, पाच मिनिटांचं काम. नुसता अर्ज केला म्हणजे पेटंट मिळालं असं पण नसतं. मशीनचं झाकण उघडलं तर आत घरच्या आरओ फिल्टरला असतो तसला पंप.

एक सांगतो, ही रीत खोटी नाही. ट्रॉफ्या, शोपीस, घरातल्या लाइटचे भाग, यावर चांगली दिसते आणि प्रामाणिकपणे चांदीची आहे म्हणून सांगून विकणारे पण आहेत. सायलेन्सर, बंपर, पावसात फिरणारा जॉब याला ती नाही. कोणी क्रोम म्हणून विकत असंल तर आपला स्वतःचा जॉब घेऊन जा, आपल्यासमोर मारून घ्या, लॅकर पूर्ण वाळू द्या, मग ब्लेडनं चौकटी पाडून टेप चिकटवून ओढा, आणि एक पीस एनएबीएलची मान्यता असलेल्या लॅबला सॉल्ट स्प्रेला, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या फवाऱ्यात गंजाच्या चाचणीला टाका. नाही म्हणाला तर चहा पिऊन परत या.

तो माणूस आता फोन उचलत नाही. पोलिसांत अर्ज दिलाय, भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं ३१८ कलम लागतं असं वकील म्हणतात, पण रोख सव्वा लाखाचा माझ्याकडं एक कागद नाही, त्यामुळं ते धरून चालायचं नाही. त्या हॉलमधल्या चौघांचे नंबर माझ्याकडं होते, दोघांनी अर्जावर सह्या केल्या, एकानं सांगितलं की बायकोला माहीत नाही, राहू दे. जमीन विकलेल्या माणसाचा नंबर मी घेतला नव्हता. त्याला कोणी ओळखत असंल, सांगली बाजूचा होता, पांढरी टोपी, तर त्याला एवढं सांगा की किट घ्यायच्या आधी ए च्या बाटलीत मीठ टाकून बघ.