धुरांड्यातली उष्णता: वीज करावी की पाणी तापवावं?

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचं डाइंग युनिट असेल, तर बॉयलरच्या धुरांड्यातून साधारण २०० अंशांचा धूर वर जात असतो. जनरेटर भरलोडवर असताना सायलेन्सरमधून ४०० ते ५०० अंशांचे वायू बाहेर पडतात. ही उष्णता वाया जाते हे सगळ्यांना पटतं. ती कशासाठी वापरायची, यावर मात्र चुकीचे खर्च होतात.

मोह विजेचा असतो. त्यासाठीचा ओआरसी (ऑरगॅनिक रँकिन सायकल) संच पाण्याऐवजी पेंटेनसारखा लवकर उकळणारा द्रव वापरून टर्बाइन फिरवतो. पण २०० अंशांचा धूर आणि बाहेर सोलापूरचा ४० अंशांचा उन्हाळा धरला, तर सिद्धान्तानेच ३४ टक्क्यांहून जास्त उष्णतेची वीज करता येत नाही. प्रत्यक्षात हाती दहा टक्क्यांच्या आसपास येतं. शिवाय त्या द्रवाच्या वाफेचा पुन्हा द्रव करणारा कंडेन्सर थंड ठेवायला सहसा पाणी हवं, आणि इथे उन्हाळ्यात पाण्याचे टँकर मागवावे लागतात.

इकॉनॉमायझर म्हणजे धुराच्या वाटेत बसवलेला नळ्यांचा संच. तो हीच उष्णता थेट फीड वॉटरला, म्हणजे बॉयलरमध्ये जाणाऱ्या पाण्याला देतो. पाणी दर ६ अंशांनी चढलं की इंधन सुमारे एक टक्का वाचतं. ४० चं ६० अंश झालं तर सव्वातीन टक्के. डाइंगला वाफ रोजच लागते, म्हणून माझं मत ठामपणे याच बाजूने आहे. दोन गोष्टी मात्र सांभाळा. नळ्यांवरच्या धातूच्या पातळ पात्यांवर (फिन्सवर) काजळी बसली की उष्णता आत शिरत नाही, म्हणून साफसफाईचं दार हाताला सहज येईल असं मागा. आणि इंधनात गंधक असेल तर धूर फार थंड करू नका. थंड टोकाला आम्ल साचून नळ्या गंजतात.

इंजिनाच्या गरम वायूंसाठी टर्बो-कंपाउंड नावाची रचना असते. तिच्यात एक्झॉस्टवरचं जादा टर्बाइन गिअरने क्रँकशाफ्टला जोडतात. राइट आर-३३५० या विमान इंजिनाच्या टर्बो-कंपाउंड आवृत्तीत अशी तीन टर्बाइन होती. स्कॅनियाने १९९१ मध्ये ते ट्रकमध्ये आणलं. रचना सुंदर आहे, पण ती इंजिनासोबतच येते आणि सतत जड लोड मागते. लाइट गेल्यावरच सुरू होणाऱ्या जनरेटरला तिचा उपयोग नाही. उष्णतेतून थेट वीज करणाऱ्या थर्मोइलेक्ट्रिक पट्ट्या पाच टक्क्यांच्या आसपास अडकतात. कारखान्यासाठी विचारात घेऊ नका.

भट्टी चोवीस तास चालते आणि वाफ कुठेच लागत नाही, अशा ठिकाणी ओआरसीचं कोटेशन जरूर मागवा, तेही हवेने थंड होणाऱ्या कंडेन्सरचं.

डाइंगवाल्यांनी आधी कंडेन्सेट, म्हणजे वापरलेल्या वाफेचं झालेलं गरम पाणी, कुठे जातं ते बघावं. गटारात जात असेल तर ते फीड वॉटरच्या टाकीत परत आणा, मग फीड वॉटरचं तापमान मोजा आणि त्या आकड्यावरच इकॉनॉमायझरचा आकार ठरवा.