कोल्ड रूमला बल्बचा व्हॉल्व्ह घ्यावा की मोटरचा?

इंदूरला सांवेर रोडवर माझ्या दोन छोट्या कोल्ड रूम आहेत. दोन्हींत चक्का, श्रीखंड आणि पनीर असतं, दोन्ही दोन ते चार अंशांवर चालतात, गॅसही दोन्हींत आर-४०४ए. थंड कॉइलमध्ये द्रव गॅस किती सोडायचा हे एक्स्पान्शन व्हॉल्व्ह ठरवतो. जुन्या खोलीत पहिल्यापासून थर्मोस्टॅटिक आहे, म्हणजे ज्याला सगळे टीएक्सव्ही म्हणतात तो; कॉइलमधून निघणाऱ्या पाइपला बांधलेला बल्ब गरम-थंड होईल तसा तो उघडतो-मिटतो. नवी खोली बांधली तेव्हा मी मुद्दाम इलेक्ट्रॉनिक, म्हणजे सेन्सर पाहून मोटरने उघडणारा, बसवून घेतला. दोन पावसाळे वापरला आणि मग काढून तिथेही टीएक्सव्ही लावला. सध्या ओळखीतले दोघे-तिघे हाच प्रश्न विचारताहेत, म्हणून जे पाहिलं ते लिहितो.

कॅपिलरीचा, म्हणजे व्हॉल्व्हऐवजी नुसत्या बारीक नळीचा, विचार कोल्ड रूमसाठी करू नका. डीप फ्रीजर, दुकानातला काचेच्या दाराचा कूलर यांना ती उत्तम, कारण तिथे भार फारसा बदलत नाही. आपल्याकडे मात्र पाडव्याच्या आठवड्यात दार दिवसभर उघडझाप होत असतं आणि सकाळी भरलेले चक्क्याचे क्रेट खोलीपेक्षा वीस-बावीस अंशांनी गरम असतात.

आधी इलेक्ट्रॉनिकचं चांगलं सांगतो, कारण ते खरोखर चांगलं आहे. कॉइलमधून बाहेर पडणाऱ्या पाइपवर गेज आणि थर्मामीटर लावून मी स्वतः सुपरहीट पाहत असे, म्हणजे बाहेर येणारा गॅस त्याच्या उकळबिंदूपेक्षा किती अंश गरम आहे ते. ती पाच-सहा अंशांवर ठाम राहायची. टीएक्सव्हीवर तीच सहापासून दहापर्यंत झुलते. क्रेट चार अंशांवर यायला नव्या खोलीत कमी वेळ लागतो असं मला दोन्ही वर्षी वाटलं. वीजही थोडी कमी लागली असावी, पण दोन खोल्यांत माल कधी सारखा नसतो, त्यामुळे तेवढं खात्रीने म्हणत नाही.

खरा फरक दिसला तो थंडीत. शब-ए-मालवाची, म्हणजे माळव्यातल्या गार रात्रीची, कीर्ती जुनी आहे, आणि कंडेन्सर (गॅसची उष्णता बाहेर टाकणारी कॉइल) गच्चीवर असेल तर ती रात्र त्यालाही लागते. मे महिन्याच्या दुपारी हाय साइडचं, म्हणजे कंडेन्सरच्या बाजूचं, गेज साडेतीनशे पीएसआयच्या आसपास असतं, डिसेंबरच्या पहाटे दीडशेच्याही खाली येतं. लो साइडला, म्हणजे थंड कॉइलच्या बाजूला, साठ धरा. म्हणजे व्हॉल्व्हच्या दोन बाजूंमधला फरक सुमारे तीनशेवरून नव्वदवर. छिद्रातून जाणारा द्रव या फरकाच्या वर्गमुळाच्या हिशोबाने कमी होतो, म्हणजे जवळजवळ निम्म्यावर. टीएक्सव्ही पूर्ण उघडला तरी मग कॉइल उपाशी राहते: सुरुवातीच्या नळ्यांवर बर्फ, पुढच्या कोरड्या. इलेक्ट्रॉनिकचा आवाका मोठा, तो ही रात्र निमूट पार पाडायचा. टीएक्सव्हीच्या खोलीत मला कंडेन्सरच्या एका पंख्याला, हाय साइडचा दाब पडला की वेग कमी करणारा कंट्रोलर लावावा लागला. तो लावल्यापासून डिसेंबरची तक्रार नाही.

आता ज्या एका गोष्टीने माझा निर्णय झाला ती. लाईट तासभर गेली तर काही बिघडत नाही. बिघडतं ते दहा सेकंदांसाठी जाते तेव्हा. जुलैच्या संध्याकाळी वारा सुटला की आमच्या भागात लाईट डोळा मिचकावल्यासारखी जाते-येते, कधी तासात चार-पाच वेळा.

माझा व्हॉल्व्ह स्टेपर मोटरचा होता. स्टेपर मोटरला वीज मिळाली नाही की ती जिथे असेल तिथेच थांबते. व्हॉल्व्ह साठ टक्के उघडा असेल तर साठ टक्के उघडाच राहतो, आणि रिसीव्हरमधला (द्रव साठवणाऱ्या टाकीतला) द्रव थंड कॉइलमध्ये उतरत जातो. व्हॉल्व्ह घट्ट बंद होतो या भरवशावर ठेकेदाराने लिक्विड लाइनला (द्रवाच्या पाइपला) सोलेनॉइड, म्हणजे वीज गेली की बंद होणारा व्हॉल्व्ह, दिलाच नव्हता, आणि लाईट जाताच व्हॉल्व्ह मिटवणारं बॅटरीचं मॉड्यूल कोटेशनमधून वगळलं होतं. लाईट आली की कॉम्प्रेसर तो द्रव ओढायचा. पहिल्या पावसाळ्यात ती ठकठक मी बाहेरच्या ओट्यावर बसून ऐकली आहे. महिनाभरात कॉम्प्रेसरची रीड, म्हणजे आतल्या झडपेची पातळ पट्टी, तुटली. मेकॅनिकने एका वाक्यात सांगितलं, "भिया, लाईट गई तो ये वहीं का वहीं खड़ा रह गया."

सोलेनॉइड लावला. ठोके थांबले, त्रासाचं रूप बदललं. लाईट परत आली की ड्रायव्हर (व्हॉल्व्हची मोटर चालवणारं यंत्र) आधी व्हॉल्व्ह पूर्ण मिटून शून्य शोधतो, मग ठरलेल्या जागेपर्यंत उघडतो. ती जागा गरम कॉइल गृहीत धरून बसवलेली होती. दहा सेकंदांत कॉइल गरम होत नाही. ड्रायव्हरला सुपरहीट अगदी कमी दिसायची, तो व्हॉल्व्ह झपकन मिटायचा, सक्शनचा (कॉम्प्रेसरकडे येणाऱ्या गॅसचा) दाब पडायचा आणि लो प्रेशरवर कॉम्प्रेसर ट्रिप. असं तीनदा झालं की पॅनल लॉक, मग कोणीतरी हाताने रीसेट करेपर्यंत खोली बंद. त्या दोन पावसाळ्यांत रामबागेतून रात्री दोन वाजता स्कूटर काढून फक्त एक बटण दाबायला मी किती वेळा गेलो ते मोजलं नाही. एकदा फोन सायलेंटवर राहिला आणि सकाळी चक्का अकरा अंशांवर मिळाला. तो सगळा फेकावा लागला. ज्या घरांनी विश्वासाने आगाऊ मागणी दिली होती त्यांना फोन करताना मला फार वाईट वाटलं.

सेटिंग सुधारता येतं, हे मान्य. पण पासवर्ड बसवणाऱ्याकडे, आणि तो दुसऱ्या शहरात. चांगला माणूस हाताशी असेल तर तुम्हाला हा त्रास कदाचित होणारही नाही. इलेक्ट्रॉनिकमध्येच डॅनफॉस कंपनीच्या एकेव्हीसारखे पल्सवर चालणारे व्हॉल्व्ह आहेत, ते वीज गेली की आपोआप मिटतात. मी ते वापरलेले नाहीत. आणि स्टेपरच घ्यायचा असेल तर सोलेनॉइड तर हवाच, शिवाय ड्रायव्हर आणि पॅनल दोन्हींना छोटा यूपीएस द्या.

टीएक्सव्हीला यातलं काही कळतच नाही, आणि मला तेच हवं होतं. कॉम्प्रेसर थांबला की कॉइलमधला दाब वाढून तो बहुतेक वेळा स्वतःच मिटतो. पंप डाऊनची (आधी सोलेनॉइड बंद, मग कॉइल रिकामी झाली की कॉम्प्रेसर बंद) वायरिंग असेल तर लाईट येताच सोलेनॉइड उघडतो, दाब चढतो, कॉम्प्रेसर सुरू. कोणाला विचारायचं नाही. त्याचा दोष म्हणजे बल्ब. पट्टी सैल झाली की बल्बला आजूबाजूची हवा लागते, व्हॉल्व्हला वाटतं लाइन गरम आहे, आणि तो जास्त उघडतो. म्हणून वर्षातून दोनदा पट्टी आवळतो आणि वरचं इन्सुलेशन पाहतो. बल्ब पाइपच्या तळाशी कधी बांधू देऊ नका, तिथे तेल असतं.

इन्व्हर्टर कॉम्प्रेसर असेल, एका प्लांटवर पाच-सहा खोल्या असतील किंवा आपोआप सुरू होणारा जनरेटर असेल, तर मीही इलेक्ट्रॉनिकच सुचवीन. एक-दोन खोल्या, साधा कॉम्प्रेसर आणि आपल्याकडची लाईट असेल तर माझा कल तुमच्या लक्षात आलाच असेल.

टीएक्सव्ही ठरवलात तर कोटेशनमध्ये ऑरिफिसचा (व्हॉल्व्हच्या छिद्राच्या भागाचा) नंबर, सोलेनॉइड, पंप डाऊन आणि पंख्याचा कंट्रोलर हे चारही लिहून घ्या. डॅनफॉसच्या टीई-२मध्ये ऑरिफिस आणि वरचा बल्बसकटचा भाग वेगळे मिळतात. दोन्हींचा एकेक नग माझ्या टेबलाच्या खणात असतो. नव्या खोलीतला बल्बचा भाग मागच्या वर्षी गळला, तो मेकॅनिकने रविवारी दुपारी गॅस न काढता, रिसीव्हरमध्ये पंप डाऊन करून बदलला, आणि संध्याकाळचे क्रेट वेळेवर आत गेले.