यमकोंडाच्या शोधात कॅम्पातल्या दुकानात: पाचपैकी चार

आधीच सांगतो, मी ख्रिश्चन नाही आणि व्हायला म्हणूनही गेलो नव्हतो. मी खानापूरचा, डिप्लोमासाठी रोज बेळगावला ये-जा करतो. वर्गातल्या मित्राची आजी वारली तेव्हा त्यांच्या घरी कोकणी प्रार्थना चालली होती, त्यात ‘यमकोंड’ हा शब्द ऐकला. यम आमचा, तो यांच्या घरात कसा? मित्र म्हणाला, यमकोंड म्हणजे नरक, आणि सैतानाला आम्ही देवचार म्हणतो. मला हसू फुटायच्या बेतात होतं, मयताचं घर म्हणून आवरलं. माझ्या आजीचं माहेर गोव्यातलं, सत्तरीचं. तिच्या गावात देवचार म्हणजे राखणदार. रात्री वाट चुकलेल्याला घरापर्यंत सोडणारा, रोट आणि विडीवर खूश होणारा. तो यांचा सैतान कधी झाला, विचारलं तर मित्र म्हणतो, “मला काय माहीत बा, आंटीच्या दुकानात जा.”

आंटीचं हे बेळगावच्या कॅम्पातलं ख्रिस्ती पुस्तकांचं दुकान लहान आहे. पुढं मेणबत्त्या, रोजरीच्या माळा, फ्रेमा. पुस्तकं मागं, त्यातली मराठी सगळ्यात खालच्या फळीवर, उकिडवं बसून बघावं लागतं. बोर्ड कन्नडात, खाली बारीक इंग्लिश. दुपारी एक ते चार बंद (गोव्याची सवय), त्यामुळं पहिल्या दिवशी हात हलवत परत. स्कॅनर चिकटवलाय, पण तो शोभेला.

दुसऱ्या दिवशी सरळ विचारलं, “आंटी, सैतानाबद्दल मराठीत काय आहे काय?” मेणबत्त्या घेणारी एक बाई दचकून बाजूला सरकली. आंटी हसली. “सिनेमा बघून आलास न्हवं? आधी हे वाच पुता.” आणि मराठी बायबल हातात. २२० रुपये. तिनं दोन दाखवली होती. एक ६६ पुस्तकांचं, प्रोटेस्टंट लोकांचं. दुसरं ७३ पुस्तकांचं, कॅथलिक, जाड आणि महाग. मी अर्थातच स्वस्तातलं उचललं.

छपाई बारीक, कागद इतका पातळ की मागची ओळ पुढं दिसते. खानापूरच्या बसमध्ये वाचायचं तर डोळे जातात. भाषा मात्र भारी. ‘अधोलोक’ आणि ‘नरक’ असे दोन वेगळे शब्द ठेवलेत. अधोलोक म्हणजे मेलेल्यांचं ठिकाण. नरक जिथं आहे तिथं मूळ ग्रीकमध्ये बहुतेक ठिकाणी ‘गेहेन्ना’ आहे, यरुशलेमजवळचं हिन्नोमचं खोरं, जिथं एके काळी पोरांना आगीत बळी द्यायचे. हे मला आंटीनं फुकट दिलेल्या पुस्तिकेतून कळलं.

मी शोधत होतो बोकडाचे पाय, त्रिशूळ. नाहीत. शिंगं सापडली, पण प्रकटीकरण या शेवटच्या पुस्तकाच्या १२व्या अध्यायातल्या सात डोक्यांच्या अजगराला. एदेन बागेतल्या सापाला उत्पत्ती या पहिल्या पुस्तकात सैतान म्हटलेलंच नाही, तो धागा थेट या अजगरापाशी येऊन जुळतो. ईयोबाच्या पुस्तकात तर सैतान देवापुढं हजर होतो आणि परवानगी मिळेल तेवढंच करतो. हिब्रूत त्या शब्दाचा अर्थच विरोधक, आरोप करणारा. सरकारी वकील म्हणा ना.

आणि नरक त्याच्या मालकीचा नाहीच! प्रकटीकरणाच्याच २०व्या अध्यायात त्यालाच अग्नीच्या सरोवरात टाकतात. मी इतकी वर्षं त्याला जेलर समजत होतो, निघाला कैदी. आमचा यम कसा, अधिकारी माणूस. चित्रगुप्ताची वही, हिशेब, शिक्षा. आजोबा गेले तेव्हा घरात गरुडपुराण लावलं होतं, कुंभीपाक ऐकून मी रात्री जेवलो नव्हतो. पण तिथं भोग संपले की सुटका असते. इथं ‘सार्वकालिक’ हा शब्द आला आणि मी पुस्तक मिटून खिडकीबाहेर बघत बसलो.

पुढच्या खेपेला आंटीला म्हटलं, कायमचं म्हणजे जरा जास्तच झालं. ती म्हणाली, “आमच्यात पुर्गातोर आहे की. शुद्ध होऊन सर्गात जायचं. म्हणून तर मेलेल्यांसाठी मिस्सा.” (मिस्सा म्हणजे चर्चमधली त्यांची उपासना.) घरी येऊन पुर्गातोर शोधलं, कुठंच नाही. मेलेल्यांसाठी अर्पण पाठवल्याची गोष्ट मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकात आहे म्हणे, आणि ते पुस्तक त्या जाड ७३वाल्यात. आंटीनं आधीच दाखवलं होतं, चूक माझीच. एक तारा कापला तो खालच्या फळीसाठी आणि त्या स्कॅनरसाठी.

देवचाराचं अजून विचारायचं राहिलंय. शनिवारी जातोय, चारनंतर, रोख पैसे घेऊन.