डावऱ्या पोरीसाठी घेतलेला पत्त्यांचा कॅट: साडेतीन स्टार

एक स्टार साइझचा कापलाय आणि अर्धा डब्याचा. बाकी कॅट चांगला आहे, पण घेतला का ते आधी सांगते.

मे महिन्यात पोरींच्या हातातला मोबाइल सुटावा म्हणून घरातला जुना कॅट काढला, तर त्यात चौकटची नव्वी गायब आणि किलवरच्या गुलामावर चहा सांडलेला. म्हटलं चालेल, जोकरवर पेनाने नव्वी लिहिली आणि बदाम सत्ती सुरू केली. दोन-तीन दिवसांत लक्षात आलं की धाकटी, वय वर्षं सहा, सारखी पास पास करते आणि डाव संपला की तिच्या हातात सत्ती निघते! सासूबाई म्हणाल्या लबाड आहे, दाबून ठेवते. मलाही तेच वाटलं, ओरडले पण तिला. मग एकदा तिच्या मागे जाऊन बसले तेव्हा ट्यूब पेटली. पोरगी डावरी. पानं उजव्या हातात धरते, डाव्याने टाकते, त्यामुळे तिच्या हातातल्या पानांचा पंखा आपल्या उलट उघडतो, आणि साध्या पत्त्यांवर आकडा दोनच कोपऱ्यांत असतो, वर डावीकडे आणि खाली उजवीकडे. म्हणजे तिला वरच्या बाजूला नुसते पांढरे कोपरे दिसत होते बिचारीला. इतकं वाईट वाटलं ना.

मग चारी कोपऱ्यांत आकडे असलेला कॅट शोधायला निघाले. ठाण्यात गोखले रोडवर दोन दुकानांत तर मला काय हवंय तेच कळेना, "ताई पत्ते सगळे सारखेच असतात". शेवटी जांभळी नाक्याच्या बाजारात एकाने खालच्या कप्प्यातून काढून दिला. प्लास्टिकचा, दोनशे वीस रुपये.

आता ज्यांना बदाम सत्ती माहीत नाही (असे लोक आहेत, आमच्या बिल्डिंगमध्येच भेटले) त्यांच्यासाठी. जोकर बाजूला, ५२ पानं पिसून सगळी वाटून टाकायची. चौघं असाल तर १३-१३, आम्ही शेजारचा मुलगा धरून पाच जण, म्हणजे दोघांना अकरा आणि तिघांना दहा, यावरून पहिल्याच दिवशी भांडण, म्हणून वाटणारा दर डावाला बदलतो. बदामची सत्ती ज्याच्याकडे तो ती टाकून सुरुवात करतो. पुढच्याने बदामची छक्की किंवा अठ्ठी लावायची, नाहीतर दुसऱ्या रंगाची सत्ती. सत्तीच्या खाली एक्क्यापर्यंत, वर राजापर्यंत अशी चारी रंगांची रांग लागत जाते. लावता येत असेल तर लावायचंच, नसेल तरच पास. ज्याची पानं आधी संपली तो जिंकला. मोठी मुलं असतील तर उरलेल्या पानांचे मार्क मोजा, एक्का १, गुलाम ११, राणी १२, राजा १३, थोरलीची बेरीज सुट्टीत याच्यावरच पक्की झाली. लहानांना मार्कांच्या भानगडीत पाडू नका, ज्याची पानं शेवटी उरली त्याने पुढचा डाव पिसायचा, बस.

खरी मजा कोणतं पान आधी टाकायचं यात. सासूबाई इस्पिकची छक्की हातात ठेवून दुसरीच पानं लावत बसतात आणि ज्याच्याकडे पंजी-चव्वी तो तडफडतो. नियमात बसतं, काही बोलताही येत नाही!

तर कॅट. चारी कोपऱ्यांत ठळक आकडे, धाकटीचं पास म्हणणं त्याच दिवशी बंद. सहा आणि नऊमध्ये अजून गोंधळते कारण खालच्या कोपऱ्यात आकडा उलटा असतो, तिला मधले बदाम मोजायला शिकवलंय. आंब्याचे हात लागले तरी ओल्या फडक्याने पुसलं की झालं. गुळगुळीत मात्र फार, लादीवर रांग सरकते आणि पंख्याखाली तर विचारूच नका, सतरंजी अंथरा. आणि रुंदी अडीच इंच, लहान मुलांच्या मुठीला जास्तच. सव्वादोन इंचांचे ब्रिजवाले पत्ते मिळतात, त्यात चार कोपरेवाला मिळाला तर तोच घ्या. तोपर्यंत आम्ही कपडे वाळत घालायचा चिमटा लावतो खालच्या बाजूला, पंखा सुटत नाही. डब्याचं झाकण चौथ्या दिवशी तडकलं, आता पत्ते कंपासपेटीत.

परवा धाकटीने सासूबाईंना पकडलं. चौकटची अठ्ठी लावता येत असून पास म्हणाल्या, आणि डाव संपल्यावर ती त्यांच्याच हातात! "आजी, लबाड कोण?" सासूबाई म्हणतात चष्मा नव्हता.

घेताना डबा उघडून एक पान बघूनच घ्या, बाहेरच्या चित्रावरून कोपरे कळत नाहीत.