जळगाव–सुरत–बऱ्हाणपूर: मित्रांकडे मुक्काम करत जाणाऱ्यांना सेल्फ-ड्राइव्ह गाडी कितपत परवडते?

गाडी भाड्याने देण्याचा आपल्याकडचा सगळा हिशेब गाडी किती पळाली यावर उभा आहे, आणि मित्रांच्या भेटीगाठींसाठी निघालेल्या माणसाची गाडी पळते कमी व उभी राहते जास्त. चालकासह गाडी घेतली, तर बहुतेक ट्रॅव्हल्सवाले रोजचे किमान 250 ते 300 किलोमीटर धरतात, त्यावर चालकाचा भत्ता आणि रात्रमुक्कामाचे पैसे वेगळे लावतात, आणि किलोमीटर मोजतात ते आपल्या दारापासून नव्हे, तर त्यांच्या गॅरेजपासून गॅरेजपर्यंत. धुळ्याच्या मित्राने आग्रहाने आणखी एक दिवस ठेवून घेतले, की गाडी त्याच्या अंगणात उभी असतानाच तीनशे किलोमीटरचे भाडे चढते; शिवाय चालकाच्या जेवणाची आणि झोपण्याची सोय त्या मित्राच्या घरी करावी लागते, ते निराळेच. या कारणाने यंदाच्या प्रवासासाठी आम्ही जळगावातील एका स्थानिक सेवेकडून सेल्फ-ड्राइव्ह, म्हणजे चालकाविना स्वतः चालवायची, गाडी घेतली. सेवेचे नाव येथे देत नाही, कारण या व्यवसायातील अटी थोड्याफार फरकाने सगळीकडे सारख्याच आहेत आणि वाचकांनी पारखून घ्यायच्या आहेत त्या अटीच.

मार्ग ठरवताना तापी नदीचा आधार घेतला होता. जाताना नदीच्या दक्षिणेकडून राष्ट्रीय महामार्ग 53 ने एरंडोल, पारोळा, धुळे, साक्री, नवापूर, व्यारा, बारडोली असे सुरतेपर्यंत जायचे; येताना अंकलेश्वरहून नेत्रंग, डेडियापाडा, सागबारा करत अक्कलकुव्याला खानदेशात उतरायचे आणि सातपुड्याच्या पायथ्याने तळोदा, शहादा, शिरपूर, चोपडा, यावल, फैजपूर, रावेर या गावांतून बऱ्हाणपूर गाठून मुक्ताईनगर-भुसावळमार्गे घरी परतायचे. तीन राज्ये लागतात, पण अंतर साधारण नऊशे किलोमीटरच्या आतबाहेर आहे. रेल्वेने हे होत नाही का, असे कोणी विचारील. ताप्ती खोऱ्याची रेल्वे अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार, नवापूर करत सुरतेला नेते हे खरे. परंतु धुळ्याला रेल्वेने जायचे तर चाळीसगावला गाडी बदलावी लागते, आणि शहादा, शिरपूर, चोपडा या गावांना तर रेल्वेच नाही. आमचे वसतिगृहातले निम्मे सोबती नेमके याच गावांत स्थायिक झालेले आहेत.

गाडी ठरवण्यापूर्वी पहिली गोष्ट पाहावी ती नंबर प्लेट. स्वतः चालवण्यासाठी भाड्याने देण्याचा रीतसर परवाना असलेल्या गाडीची पाटी काळी आणि त्यावरील अक्षरे पिवळी असतात. चालकासह मिळणाऱ्या टॅक्सीची पाटी पिवळी व अक्षरे काळी असतात. या व्यवसायाचे नियम 1989 च्या ‘रेंट-अ-कॅब’ योजनेत दिलेले आहेत. आपल्याकडे जिल्ह्याच्या गावी मात्र ओळखीतून पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने देण्याचा प्रकार सर्रास चालतो आणि ती स्वस्तही पडते. लग्नाच्या वरातीपुरते कोणाचे काही बिघडत नसेल, पण खासगी वापरासाठी उतरवलेला विमा भाड्याच्या वापराला लागू होत नाही, त्यामुळे परराज्यात अपघात झाला तर नुकसानभरपाईचा दावा फेटाळला जाऊ शकतो. आम्हाला मिळालेली गाडी काळ्या पाटीची होती. नोंदणी, विमा, परवाना आणि पीयूसी यांच्या प्रती दिल्या गेल्या आणि त्या ‘एमपरिवहन’ या सरकारी ॲपवरील माहितीशी जुळल्या. या बाबतीत सेवेला पूर्ण गुण द्यायला हवेत.

गाडी ताब्यात देण्याची पद्धतही व्यवस्थित होती. कर्मचाऱ्याने गाडीभोवती फिरून चारही बाजूंचा व्हिडिओ काढला, आधीचे ओरखडे अर्जातील आकृतीवर खुणेने दाखवले आणि इंधनाचा काटा व मीटरवरील आकडा यांचे छायाचित्र दोघांच्याही मोबाइलमध्ये घेतले. अनामत रक्कम ऑनलाइन घेतली गेली आणि मूळ वाहनचालक परवाना किंवा आधार कार्ड ठेवून घेण्याचा आग्रह धरला गेला नाही, ही समाधानाची बाब आहे. काही ठिकाणी अजूनही मूळ कागद ठेवून घेतात, आणि ज्याला पुढे शेकडो किलोमीटर स्वतः गाडी चालवायची आहे त्याच्याकडून मूळ परवाना काढून घेणे हा शुद्ध अडाणीपणा आहे. एक कलम मात्र कर्मचाऱ्याने आपणहून सांगितले नाही: अपघातात नुकसान झाले तर ठरावीक रकमेपर्यंतचा खर्च भाडेकरूने सोसायचा आणि त्यापुढचा विम्याने. ते अर्जाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत छापलेले होते. टायर आणि काच यांचा समावेश त्या विम्यात नव्हता, आणि खानदेशातील रस्त्यांवर सर्वांत आधी जाते ते टायरच.

आता मुख्य मुद्दा भाड्याचा. सेल्फ-ड्राइव्हमध्येही रोजच्या तीनशे किलोमीटरचा आकडा होताच, पण त्याचा अर्थ अगदी उलटा. चालकासह घेतलेल्या गाडीत तो किमान आकडा असतो. गाडी हलली नाही तरी तेवढे पैसे द्यावेच लागतात. येथे तो कमाल आकडा होता, आणि तोही संपूर्ण मुदतीचा एकत्र धरलेला. समजा, कोणी आठ दिवस गाडी ठेवली आणि ती नऊशे किलोमीटर फिरली, तर किमान तीनशेच्या हिशेबाने त्याला 2,400 किलोमीटरचे भाडे द्यावे लागेल. सेल्फ-ड्राइव्हमध्ये तेवढेच 2,400 किलोमीटर त्याच्या हाती राहतात आणि मर्यादा ओलांडण्याचा प्रश्नच येत नाही. इंधनाचा खर्च धरूनही आम्हाला हा प्रवास चालकासह गाडीच्या निम्म्याहून थोड्याच अधिक रकमेत पडला. मात्र ज्याला जळगावहून एका दमात सुरत गाठून दुसऱ्या दिवशी परत यायचे आहे, त्याला हा फरक जाणवणार नाही.

मुदत वाढवण्याची सोय ही या सेवेची सर्वांत मोठी जमेची बाजू. भाड्याचा दिवस गाडी घेतल्या तासापासून चोवीस तासांचा धरतात आणि उशीर झाल्यास तासाप्रमाणे दंड लागतो. आपल्याकडे मात्र निघायच्या वेळी वहिनी तव्यावर भाकरी टाकतात आणि मित्राची आई ‘आते जेवीसनच जा’ म्हणून दारात उभी राहते. अशा वेळी घड्याळाकडे पाहणे शोभत नाही. शहाद्याहून आम्ही फोन केला, तेव्हा गाडीसाठी पुढची मागणी नसल्याची खात्री करून घेऊन त्यांनी एक दिवस नेहमीच्याच दराने वाढवून दिला आणि तसा लेखी संदेशही पाठवला. मुदत संपण्याच्या आदल्या दिवशी कळवले तर दंड नाही आणि मुदत संपल्यावर कळवले तर दीडपट दर, हा नियमही मला रास्त वाटला.

गाडी पाच आसनी, पेट्रोलवर चालणारी होती. सीएनजीची गाडी स्वस्त पडेल, असे सेवेने सुचवले होते. पण सीएनजीच्या टाकीने डिकीची जागा जाते, आणि या प्रकारच्या प्रवासात डिकीला इंजिनाइतकेच महत्त्व आहे. ही अतिशयोक्ती नाही. जाताना आमच्या दोन बॅगा, भरताची वांगी आणि केळीच्या वेफर्सचे पुडे होते. जळगावच्या वांग्याला आणि केळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले असले, तरी सुरतेतल्या खानदेशी माणसाला त्या प्रमाणपत्राशी कर्तव्य नसते. त्याला वांगी काट्यांसकट हवी असतात. परतताना डिकीत सुरतेची घारी, नंदुरबारच्या मिरचीची पूड, शहाद्याहून मिळालेली डाळ, चोपड्याच्या वहिनींनी खापरावर भाजून दिलेले मांडे आणि बऱ्हाणपूरची मावा जिलेबी इतके सामान झाले. मांड्यांवर दुसरे काही ठेवता येत नाही, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना मागचे आसन दुमडता येण्याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. या गाडीचे मागचे आसन 60-40 असे विभागून दुमडत होते. ही सोय नसलेली गाडी अशा प्रवासासाठी घेऊच नये.

चालवण्याच्या दृष्टीने गाडी बरी होती, उत्तम नव्हती. साक्रीच्या पुढे कोंडाईबारी घाटात अवजड ट्रकांच्या रांगेमागे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चढताना क्लच थोडा सुटत असल्याचे जाणवले आणि एसी चालू ठेवून ओव्हरटेक करण्याइतका जोर इंजिनात नव्हता. सुरतेत मात्र हीच लहान गाडी उपयोगी पडली. उधना आणि लिंबायत या भागांत खानदेशी वस्ती मोठी आहे आणि तेथील गल्ल्या अशा आहेत की मोठी गाडी आत शिरली तर उलट बाहेर काढणे कठीण. गुजरातमध्ये दारूबंदी असल्यामुळे नवापूरच्या हद्दीवर गाडी थांबवून डिकी तपासली गेली. परंतु काळी पाटी आणि भाडेकराराची प्रत पाहिल्यावर आम्हाला लगेच पुढे सोडले.

फास्टॅगच्या बाबतीत सेवा कमी पडली. टॅग गाडीमालकाच्या खात्याशी जोडलेला असतो, त्यामुळे त्यात पैसे भरणे मालकाच्या हाती आणि नाक्यावर अडकण्याची वेळ मात्र आपल्यावर. एका नाक्यावर शिल्लक संपल्याने टॅग चालला नाही. 15 नोव्हेंबर 2025 पासूनच्या नियमानुसार टॅग चालला नाही तर रोखीने दुप्पट आणि यूपीआयने सव्वापट टोल भरावा लागत होता. आम्ही यूपीआयने भरला आणि वरची रक्कम हिशेबात वळती करून घेण्यासाठी पावतीचे छायाचित्र त्यांना पाठवले. 15 ऑगस्ट 2025 पासून सुरू झालेला फास्टॅगचा वार्षिक पास केवळ बिगरव्यावसायिक खासगी वाहनांसाठी असल्याने भाड्याच्या गाडीला तो चालत नाही, हे टोलचा अंदाज बांधताना ध्यानात घ्यावे. स्वतःच्या गाडीने जाणाऱ्या मित्राशी टोलच्या खर्चाची तुलना करण्यात अर्थ नाही.

खरी कसोटी लागली ती डेडियापाडा आणि सागबारा यांच्या दरम्यानच्या डोंगराळ रस्त्यावर. टायर पंक्चर झाला आणि स्टेपनी काढली, तर ती झिजलेली आणि हवा कमी असलेली निघाली. गाडी देताना व्हिडिओत चार चाके घेतली होती, पाचवे घेतलेच नव्हते. मोबाइलला रेंज मिळताच मदत क्रमांकावर फोन केला. फोन लगेच उचलला गेला, बोलणे सभ्य होते, पण जळगावहून तेथे कोणाला पाठवणे शक्य नसल्याने ‘जवळ दुरुस्ती करून घ्या, बिल द्या’ याखेरीज त्यांच्याकडे उत्तर नव्हते. चोवीस तास मदतीचे आश्वासन जाहिरातीत ठळकपणे दिलेले असले, तरी त्याचा अर्थ चोवीस तास फोन उचलला जाईल एवढाच आहे. पुढच्या गावातल्या पंक्चरवाल्याने स्टेपनीत हवा भरून दिली, मूळ टायर दुरुस्त केला, आणि त्याची पावती मागितल्यावर वहीच्या पानावर हिशेब लिहून दिला. सेवेने ती चिठ्ठी कुरकुर न करता मान्य केली, हेही नोंदवले पाहिजे.

अक्कलकुव्यापासून पुढचा रस्ता सगळीकडे एकसारखा नाही. शहाद्याच्या परिसरात उसाच्या ट्रॅक्टरांना दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या असतात आणि मागे लाल दिवा असेलच याची शाश्वती नसते. यावल-रावेर पट्ट्यात केळीच्या ट्रकांची वर्दळ असते. त्यामुळे या बाजूला अंधार पडल्यावर गाडी चालवू नये आणि मुक्कामाची गावे जवळजवळची निवडावीत. शिरपूर, चोपडा आणि फैजपूर या प्रत्येक ठिकाणी एकेक घर असल्याने आम्हाला ते सहज जमले. फैजपूरच्या मित्राने 1936 च्या काँग्रेस अधिवेशनाची जागा दाखवण्यासाठी सकाळचा वेळ घेतला. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन होते आणि त्या गावच्या माणसाला ते पाहुण्याला सांगितल्याशिवाय राहवत नाही. चालकासह गाडी असती, तर असा वेळ काढताना बाहेर ताटकळणाऱ्या माणसाचा संकोच वाटला असता.

गाडी परत करतानाचा हिशेब तासाभरात झाला. इंधन जितके होते तितके भरून दिले होते. पुढच्या बंपरखालच्या एका ओरखड्याबद्दल प्रश्न निघाला, पण सुरुवातीच्या व्हिडिओत तो स्पष्ट दिसत असल्याने वाद तिथेच मिटला. अनामतीतून टोलची रक्कम वजा होणार हे ठरलेलेच होते. परंतु टोलचा तपशील एकरकमी आकड्यात दिला गेला आणि नाक्यांनुसार यादी मागितल्यावर ती मिळायला आणखी काही दिवस लागले. उरलेली अनामत त्यानंतर खात्यात जमा झाली. यादीत आमच्या मार्गावर नसलेल्या एका नाक्याची नोंद होती. ती बहुधा आमच्या आधीच्या भाडेकरूची असावी. दाखवून दिल्यावर ती रक्कमही परत आली.

घाटात ज्यांचा हात बसलेला नाही, किंवा ज्यांच्यासोबत औषधपाण्याच्या वेळा सांभाळाव्या लागणारी वयस्कर माणसे आहेत, त्यांनी जास्तीचे पैसे देऊन चालकासहच गाडी घ्यावी. बाकीच्यांना मी हीच सेवा सुचवीन, मात्र गाडी ताब्यात घेताना डिकी उघडून स्टेपनी जमिनीवर काढायला लावावी, तिचाही व्हिडिओ घ्यावा आणि फास्टॅगमधील शिल्लक त्यांच्या मोबाइलवर समक्ष पाहून मगच चावी घ्यावी.